भुऱ्याच्या कपाळावरचा भंडारा

मल्हारी आबा तिकीट काढून तंबूत यायचे आणि पिच्चर सुरू झाला की उठून निघून जायचे. एकदा नाही, दोनदा नाही, मी मशीनवर होतो ती सगळी पंचवीस-सव्वीस वर्षं. लोक तंबूत कशाला येतात? हिरो-हिरवीण, मारामारी, नाचगाणं बघायला. हा माणूस यायचा तो आधीच्या सरकारी डाक्युमेंट्रीसाठी. धरणं, देवीची लस, मंत्र्यांचे दौरे, गव्हावरचा तांबेरा. लोक तेवढ्या वेळात शेंगा फोडत बसायचे, बाया पोरांना पाजून घ्यायच्या, आणि हे आपले गुडघ्यांवर हात ठेवून, मान पुढं काढून पडद्याचा कोपरा न् कोपरा तपासायचे. डाक्युमेंट्री संपली की घोंगडी झटकायची, खांद्यावर टाकायची आणि चालू लागायचं.

मी लक्ष्मीप्रसाद टुरिंग टॉकीजचा आपरेटर. होतो, म्हणायचं आता. उसाच्या हंगामात आमचा तंबू पाटसला लागायचा, जत्रांच्या दिवसांत शिरूरकडं, आणि पावसाळ्यात सगळं सामान दौंडला शेठच्या गोडाऊनात जाऊन पडायचं, रेल्वे लाइनीच्या कडेला. माझ्या आधी त्याच मशीनवर माझा बाप होता. म्हस्कू आपरेटर. भीमेपासून घोडनदीपर्यंत हे नाव कुणालाही विचारा, जुनी माणसं अजून सांगतील. आता तंबू गेला. मी शिरूरला मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांवर खेकसतो. बायको म्हणते, पूर्वी तुम्ही असे नव्हता. अगं, होतो की. तेव्हा मशीनच्या आवाजात तुला ऐकू यायचं नाही, एवढंच.

एक्क्याण्णव साली पाटसला मी आबांना एकदाचं धरलं. ते तेव्हा कारखान्यावर उसाच्या गाड्यांच्या तळावर वॉचमन होते. साठी ओलांडलेला माणूस, काटक, डोक्याला लाल पटका, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला. नेहमीसारखे उठून निघाले तसा मी केबिनमधून उतरून आडवा गेलो. म्हटलं, "आबा, पिच्चर बघायचा नसतो तर येता कशाला? आमचा पिच्चर काय नासका हाय का?"

ते थांबले. वरमले. म्हणाले, "आपरेटर, तुमी जुनी रिळं कवा लावत न्हाई का? गोऱ्या सायबाच्या टायमाची?"

"ती कुठली आता! कधीच नासून गेली असतील."

"आसं व्हय," ते म्हणाले. मग घोंगडी सावरत म्हणाले, "त्यातल्या एका रिळात मी हाय."

मी हसलो. हो, हसलो, खोटं कशाला बोलू. म्हटलं, म्हातारा हिरो होता वाटतं. आबा हसले नाहीत. तिथंच तंबूच्या दोराशी घोंगडी टाकून बसले, आणि मलाही बसवलं. मशीन माझा हेल्पर सांभाळत होता, आत गाणं चाललं होतं, आणि बाहेर मी जे ऐकलं ते असं.

आबा मूळचे केंदूरचे. जातीनं धनगर. बापाची दोन-अडीचशे मेंढरं होती. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, कोकणाकडं निघायचा आणि मृगाच्या तोंडावर परत यायचा. परत आला की गावातले शेतकरी बोलवायला यायचे, आज माझ्या रानात मेंढरं बसवा, उद्या माझ्या. मेंढरं एक रात्र बसली की लेंडीखतानं रानाला कस येतो. त्याच्या बदल्यात धान्य मिळायचं. धनगराचं वर्षाचं पोट त्याच्यावर. हे सगळं सांगायचं कारण पुढं येईल.

त्रेचाळीस साल. दुसरं महायुद्ध चाललेलं. लोकर कातरणीच्या दिवसांत मुंबईहून एक मोटार आली. उतरलेल्या आपल्याच देशी माणसांनी तिपाईवर चित्र काढायची पेटी लावली. पलटणीला घोंगड्या लागतात, तर घोंगडी कशी तयार होते त्याचं चित्र सरकारला काढायचंय, असं त्यांच्याबरोबरच्या कारकुनानं सांगितलं. धनगराच्या वाड्यावर आलेला माणूस म्हणजे पाव्हणा. तो कुणाचा कोण, हे विचारायची रीत नाही. त्यांना घोंगडी अंथरली, दूध दिलं. मग कातरणी सुरू झाली. कातरणीची रीत अशी, की पहिली कातर लावायच्या आधी म्होरक्या मेंढ्याच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावायचा. आबांच्या कळपाचा म्होरक्या भुऱ्या. वळणदार शिंगांचा, आडदांड. आबा तेव्हा चौदा वर्षांचे. भुऱ्या त्यांच्याशिवाय कुणाला कपाळाला हात लावू देत नसे, म्हणून भंडारा त्यांनीच लावला.

"हासत लावला," आबा म्हणाले. "ती पेटी बघून मला हासू येत व्हतं. बास, एवढंच केलं म्या."

मोटार गेली. दिवाळी झाली, वाडा कोकणाकडं गेला. इकडं चैत्रात शिरूरला तंबू लागला. तेव्हा पिच्चरच्या आधी लढाईचं सरकारी रीळ दाखवावंच लागायचं, नाही दाखवलं तर परवाना जायचा. बोलणं हिंदीत, फटाफट, कुणाला कळायचं नाही. लोक चित्रावरून काय ते समजून घ्यायचे. केंदूरची माणसं गाड्या जुंपून तंबूला गेली होती. पडद्यावर आपल्या गावचा मल्हारी दिसल्यावर आधी शिट्ट्या पडल्या. मग दिसलं ते असं, की मल्हारी ओंजळीतून भंडारा घेतो, हसतो, हात पुढं करतो, आणि समोर गोऱ्या अधिकाऱ्याचं तोंड. जरा खाली झुकलेलं, हसरं.

शिट्ट्या बंद झाल्या आणि केंदूरची माणसं उठून बाहेर पडली, म्हणतात.

कारण बेचाळीसच्या मोर्चात केंदूरच्या पाटलांचा धाकटा मुलगा लाठ्या खाऊन मेला होता. अठरा वर्षांचा पोरगा. लाठी चालवा म्हणून हुकूम देणारा गोरा होता. तो हाच गोरा की दुसरा, कुणाला ठाऊक? गावाला सगळे गोरे सारखेच दिसत होते. त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. आणि आपल्याच गावचा पोरगा त्यांच्यातल्या एकाच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावतोय, तोही हसत.

मृगाच्या तोंडावर वाडा परत आला तेव्हा बोलवायला कुणी आलं नाही. आबांचा बाप घरोघरी गेला. दारातूनच उत्तर मिळालं, तुमची मेंढरं आमच्या रानात बसायची न्हाईत. का, तर तुमच्या पोराला इचारा. पोराला विचारलं तर पोराला काही माहीत नाही. पोरगा म्हणतोय, म्या भुऱ्याला लावला. गाव म्हणतंय, आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आबांनी जन्मात गोरा माणूस जवळून पाहिला नव्हता हो! पण पडद्यापुढं त्यांचं कोण ऐकणार?

दोन पावसाळे बापानं कळ काढली. मग शिरूरच्या बाजारात मेंढरं विकली, भुऱ्यासकट. आबांचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढं सत्तेचाळीस साली केंदूरला झेंडा लागला, जिलेबी वाटली, आणि आबांचा बाप ताट घेऊन गेला तर त्याला म्हणाले, तुमचं सायबाकडं असंल. त्याच आठवड्यात त्यांनी गाव सोडलं. खडी फोडली, रेल्वेत हमाली केली, मग कारखाना. लग्न उशिरा झालं. रतनबाई भली बाई होती, ती म्हणायची, जाऊ द्या, इसरा. ती गेली. मुलगा हनुमंत कारेगावला कंपनीत लागला. आबा केंदूरला परत गेले नाहीत. गाव चाळीस-पन्नास मैलांवर, आणि चव्वेचाळीस वर्षं ते नुसतं त्या दिशेला बघत राहिले.

मी विचारलं, "मग आता ते रीळ बघून काय करणार?"

आबा म्हणाले, "आवो, समद्या गावानं बघितलं, म्याच न्हाई बघितलं. गावानं माझं काय बघितलं, ते मला एकदा बघू द्या. भुऱ्या दिसंल त्यात. मग मी गावाला सांगीन, या, बगा."

त्या दिवशी मी त्यांना शब्द दिला. मिळालं तर दाखवीन. मिळायचं नाही याची खात्री होती म्हणूनच दिला होता, हेही सांगून टाकतो.

सत्त्याण्णवच्या आषाढात शेठनं तंबू मोडायचं ठरवलं. घराघरात केबल आली, तंबूत कोण येणार? गोडाऊन रिकामं करायला मला दौंडला बोलावलं. भंगारवाला दारात उभा. ताडपत्र्या, बांबू, खुर्च्या, मोडका जनरेटर. आणि सगळ्यात मागं, माझ्या बापाची पत्र्याची पेटी. उघडली तर आंबूस वास नाकात गेला. डब्यांमधली बरीचशी रिळं चिकटून लापशी झाली होती, काहींचा भुगा. एक डबा मात्र बरा होता. झाकणावर सरकारी शिक्का आणि लढाईच्या सालचा आकडा. ही रिळं परत पाठवायची असायची. लढाई संपली, साहेबाला आपलंच गाठोडं बांधायची घाई, रिळं कोण मागतंय?

मी खिडकीपाशी बसून फिल्म बोटांतून सोडायला लागलो. आपरेटरला रीळ बघायला पडदा लागत नाही. रणगाडे गेले, बोट गेली. मग मेंढरं आली. पटकेवाले धनगर आले. आणि मग एक पोरगा, हसरा, ओंजळ भरलेली.

म्हातारा खरं बोलत होता.

पुढची फिल्म सोडली आणि बोटाला गाठ लागली. जोड. फिल्म तुटली की आपरेटर फाटका तुकडा कापून टाकतो, दोन्ही टोकं खरवडतो, सोल्युशन लावून चिकटवतो. आम्ही सगळेच करतो. पण प्रत्येकाचा हात वेगळा. जोडाचा एक कोपरा किंचित तिरका कातरायची खोड मी एकाच माणसाची पाहिली आहे. लहानपणी त्यावरून मी त्याच्या हातचा मारही खाल्लाय, कारण मला तसा कातरता यायचा नाही. तो जोड माझ्या बापाचा होता. झाकण उलटं करून पाहिलं, तर आतल्या बाजूनं खिळ्यानं ओरखडलेलं, त्याच्याच अक्षरात: दौंड, पयला खेळ, तीन फूट गेली.

तीन फूट म्हणजे दोन सेकंदं.

जोडाच्या अलीकडं आबांचा हात पुढं येतोय. जोडाच्या पलीकडं गोऱ्याचं तोंड. मागं बघा, आबांच्या मागं मोकळं माळरान, साहेबाच्या मागं दगडी भिंत. हा साहेब वाड्यावर आलेलाच नव्हता, कुठल्या तरी छावणीत घोंगडी पांघरून हसत होता. मधल्या दोन सेकंदांत काय होतं? मी भिंग लावलं. जोडाच्या अगदी अलीकडच्या दोन चौकटींत, खालच्या कोपऱ्यात, एका शिंगाचं टोक वर आलेलं. वळणदार. बास, दोन चौकटी. पडद्यावर त्या कुणाला दिसायच्याच नाहीत, पापणी लवायच्या आत जातात.

म्हणजे असं झालं, बघा. दौंडच्या पहिल्या खेळाला रीळ तुटलं. लोक ओरडत असणार, बाप घामाघूम. भुऱ्याच्या कपाळाचा तुकडा फाटलेला, तो त्यानं कापून केबिनच्या फळीखाली टाकला, टोकं जोडली, मशीन चालू केली. त्याची काही चूक? काहीच नाही. मीही तेच केलं असतं. मग तंबू शिरूरला गेला. गोऱ्याचं राज्य, गोऱ्याचं रीळ, पण एका पोराला देशाचा वैरी ठरवलं ते माझ्या बापाच्या कात्रीनं आणि आमच्याच लोकांच्या डोळ्यांनी. आणि बाप मरेपर्यंत आबांना रामराम घालत होता, विडी देत होता. त्याला कधी कळलंही नाही.

मी आबांना निरोप धाडला. तुम्ही विचाराल, मग सांगितलं का लगेच? थांबा. तीच तर माझी लाज आहे.

ते दुसऱ्याच दिवशी पाटसहून आले. धुतलेलं धोतर, नवा पटका. गोडाऊनचं शटर ओढून घेतलं, भिंतीला चुना होताच. मी ठरवलं होतं, आधी दाखवायचं, मग जोड हातात देऊन सगळं सांगायचं. जुनी फिल्म, एक ठिणगी पुरे, म्हणून मी देवाचं नाव घेत मशीन चालवली. रणगाडे, बोट, मेंढरं. आबा जागचे उठून भिंतीपाशी गेले. त्यांचा बाप दिसला तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावला, आणि बापाचं चित्र त्यांच्या हातावरून सरकलं. मग ते स्वतः. चौदा वर्षांचे. हसले. हात पुढं केला. पट् असा आवाज झाला आणि गोऱ्या साहेबाचं तोंड भिंतभर आलं.

मी मशीन बंद केली.

आबांनी भिंतीवरचा हात काढला. मग म्हणाले, "परत लावा."

परत लावलं. तेच. तिसऱ्यांदा लावायला माझा धीर झाला नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. ते खाली बसले, पार जमिनीवर.

"लावलाच की म्या," ते म्हणाले.

"आबा..."

"मला वाटत व्हतं भुऱ्याला लावला. पन्नास वर्सं त्येच धरून बसलो. पोराचं डोकं, इसरलं आसंल, न्हाईतर भ्यालं आसंल. डोळ्यानं बघितलं आता. लोक खरं बोलत व्हते, आपरेटर. मीच खोटा."

आता बोलायचं होतं. नुसतं म्हणायचं होतं, आबा, थांबा, हा जोड बघा. रीळ माझ्या हातात होतं. आणि मला काय आठवलं असेल? बापाच्या मयताला आलेली माणसं. 'म्हस्कूसारखा हात व्हणार न्हाई' म्हणणारी. तोच हात मी आता या म्हाताऱ्यापुढं धरणार, की बघ, ह्यानं तुझं वाटोळं केलं. मी रीळ डब्यात ठेवून झाकण लावलं. म्हटलं, उद्या सांगू. आधी जरा सावरू दे. माणूस स्वतःशी काय काय बोलतो! तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, हे मला आज पक्कं माहीत आहे.

चार-पाच दिवसांनी त्यांचा निरोप आला. पंधरा ऑगस्टला केंदूरला जायचंय, आपरेटर, तुमी बरोबर चला. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती, गावोगाव सोहळे होते. केंदूरला पाटलांच्या त्या मुलाच्या नावाचा दगड शाळेपुढं बसवणार होते. आबा म्हणाले, "माफी मागायची हाय. एकट्याचं पाऊल उचलत न्हाई."

दौंडहून शिरूर, शिरूरहून शिक्रापूर, तिथून केंदूरची गाडी. तीन तासांपेक्षा जास्त वेळ मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. ते खिडकीतून बघत होते. इथं आमची मेंढरं पाणी प्यायची, इथं बाभळी व्हत्या, आता कंपनी आली व्हय. मी हो हो म्हणत होतो. प्रत्येक थांब्याला वाटायचं, आता सांगतो. शिक्रापूरला चहा प्यायलो तेव्हा तर तोंड उघडलंही होतं. मी म्हटलं काय, तर, "आबा, भजी घेता का?"

केंदूरला झेंडा झाला. पोरांची कवायत झाली. भाषण आनंदरावांचं, म्हणजे त्या मेलेल्या मुलाच्या पुतण्याचं. सोसायटीचे चेअरमन, पांढरा सफारी, आवाज मोठा. त्यांची आई, साखरबाई, पुढं खुर्चीत. सत्तरीची, डोक्यावरचा पदर न ढळू देणारी. बेचाळीसला ती त्या घरात नवी सून होती. दिराला हळद-तेल लावून चेपत तीनच रात्री बसली होती, चौथ्या दिवशी तो गेला, हे मला तिथल्याच एकानं सांगितलं.

भाषण संपलं आणि आबा उठले. सरळ दगडापुढं गेले. खांद्यावरची घोंगडी जमिनीवर अंथरली, कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि दगडाला भंडारा लावला. मग साखरबाईंपुढं जाऊन लोटांगण घातलं. आनंदरावांनी माइकवरूनच विचारलं, "काय म्हातारबा, काय काम हाय? पेन्शनचा अर्ज असंल तर उद्या सोसायटीत या." पोरं फिदीफिदी हसली. आबा कुणाला माहीत नव्हते. ज्या गावाच्या तोंडाकडं हा माणूस पन्नास वर्षं बघत राहिला, त्या गावाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. त्याला वाळीत टाकणारे सगळे कधीच मेले होते.

फक्त साखरबाई पुढं झुकल्या. "तू भंडाऱ्याचा मल्हारी का?"

"व्हय, आईसाहेब. म्या लावला व्हता सायबाला. आजवर न्हाई न्हाई म्हणलो. चुकलं माझं."

साखरबाईंनी दगडावरच्या भंडाऱ्याकडं पाहिलं. मी चार हातांवर होतो. शेवटची वेळ होती ती. पुढं होऊन ओरडलो असतो तर? म्हातारी आयुष्यभर ज्याच्यावर दात धरून बसली, तो निर्दोष आहे, असं भर सभेत झेंड्याखाली? आनंदरावांनी मला हाकलून दिलं असतं? देऊ दे ना! पण नाही. मी हात बांधून उभा राहिलो. कवायतीच्या पोरांसारखा.

"लई उशीर केलास," साखरबाई म्हणाल्या. "जा. सोडलं." मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "ह्यांना जेवू घाल. आपल्या गावचे हायेत."

आबा रडले. हमसून हमसून, पोरासारखे. पंगतीत बसून जेवले. येताना बसमध्ये झोपले, डोकं माझ्या खांद्यावर. त्यांच्या तोंडावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

दीड-दोन महिने मला झोप नाही. शेवटी शिरूरच्या एका फोटो स्टुडिओत गेलो आणि त्या दोन चौकटींचा मोठा फोटो काढून घेतला. दाणेदार, काळपट, पण शिंग स्वच्छ दिसत होतं. रिळाचा तुकडा, झाकण आणि फोटो पिशवीत घालून दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटसला गेलो. आबा खोपटापुढं बसले होते. केंदूरहून दसऱ्याच्या जेवणाचं बोलावणं आलंय, असं त्यांनी मी बसायच्या आधीच सांगितलं.

मी सगळं सांगितलं. एका दमात. बापाचा जोड, तीन फूट, साहेबामागची भिंत, माळरान. फोटो हातात दिला. त्यांनी तो चांगल्या डोळ्यापाशी धरला, लांब नेला, परत जवळ आणला.

"शिंग हाय," ते म्हणाले.

"भुऱ्याचं हाय आबा! तुम्ही खरं बोलत होता. माझ्या बापानं कापलं ते. गोडाऊनात त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, मी गप्प बसलो. मला मारा पाहिजे तर."

"मेलेल्या बापावर कशाला घेता, आपरेटर? चांगला माणूस व्हता. मला विडी द्यायचा."

"घेत नाही हो, खरं तेच..."

"मेंढरं तर व्हतीच की तिथं. भुऱ्याला बी लावला आसंल, सायबाला बी लावला आसंल." फोटो त्यांनी उलटा करून मांडीवर ठेवला. "साखरबाईंनी सोडलं मला. गावात घेतलं. जेवलो मी तिथं. चूक झाली व्हती, ती फिटली. आता तुमी म्हणताय चूक झालीच न्हाई."

मी हो म्हणून मान हलवली.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मग माझ्या बापाची मेंढरं कशापायी गेली, आपरेटर?"

त्यांनी वाट पाहिली, खरंच पाहिली, मला वाटतं मी काही सांगेन अशी त्यांना आशा होती. मग फोटो माझ्या पिशवीत परत घातला, पिशवीचे बंद स्वतः बांधले, आणि म्हणाले, "हे कुणाला दावू नका. केंदूरला तर न्हाईच."

ते दोन हजार एकला गेले. हनुमंतानं केंदूरलाच नेलं, तशी त्यांची इच्छा होती. आनंदराव बोलायला उभे राहिले. चुकीची कबुली द्यायला छातीत दम लागतो, म्हणाले, आबांकडून तरुणांनी शिकावं. लोकांनी माना डोलावल्या. पिशवी माझ्या काखेत होती.